ऋणाचे वर्गमूळ : महावीराचार्यांपासून डिरॅकपर्यंत



इ. स. 850 च्या सुमारास, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या राज्यकाळात, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यात एक मर्माचे विधान आहे : धन राशीचा वर्ग धन आणि ऋण राशीचा वर्गही धनच, म्हणून ऋण राशी स्वभावतः वर्ग नसते व तिला वर्गमूळ नसते. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने 1963 मध्ये हा ग्रंथ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला.

सोळाव्या शतकापासून युरोपीय गणितींनी ऋणालाही वर्गमूळ कल्पून संमिश्र संख्या घडविल्या. मग आचार्य चुकले काय? मुळीच नाही. नेहमीच्या संख्यांच्या अपेक्षेने त्यांचे विधान आजही अबाधित आहे. नव्या अपेक्षेने नवे उत्तर मिळते. अनेकांताच्या उपासकांना हे निराळे सांगावयास नको.

चेंडू कसाही फिरवला तरी चेंडूच दिसतो. अशा सर्व फिरविण्यांचा मिळून एक समूह होतो. नॉर्वेचे गणिती सोफस ली यांच्या नावाने असे अखंड समूह ओळखले जातात. संमिश्र संख्यांवर उभारलेले ते संमिश्र ली समूह. समूह एखाद्या अवकाशावर कशी क्रिया करतो, ते सांगणारे त्याचे निरूपण; त्या क्रियेत लांबी अबाधित राहिली, तर ते युनिटरी निरूपण. अशा सर्व अविभाज्य निरूपणांची यादी करणे हे फार कठीण कार्य आहे.

येथे पुन्हा वर्गमूळच साह्यास आले. पॉल डिरॅक यांनी 1928 मध्ये इलेक्ट्रॉनचे समीकरण मांडताना एका कारकाचे जणू वर्गमूळ शोधले. तोच धागा धरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. पार्थसारथी यांनी 1972 मध्ये, कानपूरला जन्मलेल्या हरीशचंद्र यांच्या निरूपणांच्या अभ्यासात डिरॅक कारक आणला. युनिटरी निरूपणात या कारकाचा वर्ग ऋण होऊ शकत नाही. या एका अटीची चाळण लावली, की अपात्र निरूपणे गळून पडतात. जेथे कारकाने शून्य होणारे घटक उरतात, तेथे डिरॅक कोहोमॉलॉजी असते. ही काठावरची निरूपणे विशेष मोलाची. डेव्हिड व्होगन यांचे यासंबंधीचे अनुमान हुआंग आणि पांझिच यांनी 2002 मध्ये सिद्ध केले. पुढे बार्बाश, डोंग आणि वाँग यांनी अभिजात संमिश्र समूहांसाठी अशा निरूपणांचे वर्गीकरण पूर्ण केले.

सज्जनहो, ‘हे सारे आपल्या ग्रंथांत होतेच’ असे म्हणणे सोपे आहे. पण ते असत्य आहे, आणि सत्य हे आपले महाव्रत आहे. आचार्यांनी डिरॅकचा कारक सांगितला नाही. त्यांनी प्रश्न नेमका मांडला. खरा वारसा तोच.

विश्रामबागेत 1919 पासून विलिंग्डन महाविद्यालय आणि 1947 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय ज्ञानदान करीत आहेत. अभियंता वा डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलांना समाज सढळ हाताने साह्य करतो. परंतु एखादी मुलगी ‘मला शुद्ध गणित शिकायचे आहे’ म्हणाली, की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘त्याचा उपयोग काय?’ आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत शास्त्रदानाला उपयोगाची अट घातलेली नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळाने एक शिष्यवृत्ती अशा विद्यार्थ्यासाठी राखून ठेवली, तर महावीराचार्यांचे स्मरण केवळ भाषणापुरते उरणार नाही.

जय जिनेंद्र!