वर्षाची एक सहल पुरेशी नाही

सोयाबीन घरात आलं, कपाशीची वेचणी जोरात सुरू झाली, तुरीला शेंगा धरू लागल्या की वाशिम जिल्ह्यातल्या कॉलेजांमध्ये एका विषयाला ऊत येतो. यंदा सहल कुठे? कारंजा तालुक्यातल्या कामरगावची मुलं-मुलीही याच दिवसांत घरी पैशांचा विषय काढतात. नोटीस बोर्डावर कागद लागतो. रायगड, गणपतीपुळे, महाबळेश्वर अशी नावं त्यावर असतात. एसटीची सवलतीची गाडी ठरते, रात्रीचा प्रवास, दिवसा तीन-तीन ठिकाणं, आणि चार दिवसांनी जागरणाने तांबारलेले डोळे घेऊन मंडळी गावात उतरतात.

ही सहल वाईट नाही. वऱ्हाडातल्या कितीतरी मुलांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो अशाच सहलीत. पण तिच्या दोन उणिवा आहेत. ज्याच्या घरी त्या महिन्यात पैसा नसतो तो मुलगा मागे राहतो, आणि मुलगी असेल तर बहुधा राहतेच. दुसरी उणीव अशी की वर्षातले चार दिवस सोडले तर उरलेलं सगळं वर्ष कॉलेज चार भिंतींतच बसून असतं. महाबळेश्वरचे पॉइंट पाहून आलेल्या मुलाने आपल्याच तालुक्यातलं अभयारण्य मात्र पाहिलेलं नसतं. यावर एक सोपा, स्वस्त आणि पारखलेला उपाय आहे. तो म्हणजे कॉलेजचं स्वतःचं भटकंती मंडळ. विद्यार्थ्यांनीच चालवलेलं, दर महिन्याला बाहेर पडणारं.

जगात ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात 1909 साली फ्रेड हॅरिस नावाच्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. हिवाळाभर खोलीत बसून राहण्यापेक्षा बर्फात फिरायला, स्की करायला एक क्लब काढू या, असं त्याचं म्हणणं होतं. तो क्लब आजही चालू आहे आणि अमेरिकेतल्या अशा कॉलेज क्लबांमध्ये सर्वांत जुना मानला जातो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत रिचर्ड शिरमान हे शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळाने गाठलं. एका खेड्यातल्या शाळेच्या वर्गात त्यांना आसरा मिळाला, अंथरायला शेतकऱ्याकडून पेंढा मिळाला. मुलं झोपली, पण शिरमान जागे होते. सुट्टीत शाळा रिकाम्या असतात, त्या फिरस्त्या मुलांसाठी का उघडू नयेत, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. युवा वसतिगृहांची जगभरची चळवळ त्यातूनच उभी राहिली.

आपल्याकडे हे नवीन वाटायचं कारण नाही. 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं आजही खेड्यांतच भरतात, आणि स्वयंसेवक अनेकदा जिल्हा परिषदेच्या शाळेतच पथारी टाकतात. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम ही दिनचर्या वऱ्हाडातल्या हजारो पदवीधरांना पाठ आहे. म्हणजे शिक्षक आहेत, स्वयंसेवक आहेत, मुक्कामाची सवय आहे. कमी आहे ती एवढीच, की शिबिर संपल्यावर ही मंडळी पांगतात.

कामरगावच्या मंडळाने पहिलं पाऊल कुठे टाकावं? उत्तर तालुक्यातच आहे. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य. क्षेत्र सुमारे 18 चौरस किलोमीटर, घोषणा 2000 सालची. इथे दाट जंगल नाही. गवत, खुरटी झुडपं आणि मोकळा माळ. सवयीने आपण याला पडीक म्हणतो, आणि तिथेच फसतो.

वनखात्याच्या परवानगीने, सूर्य वर येण्याआधी, दहा-बारा जणांनी माळाच्या कडेला शांत बसावं. आधी माद्या दिसतात, बदामी रंगाच्या, बिनशिंगांच्या. मग कळपापासून थोडा दूर एकटा उभा असलेला नर दिसतो. पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, डोळ्याभोवती पांढरं कडं आणि पिळदार शिंगं. तो एका ठरावीक जागी पुन्हा पुन्हा येतो. दुर्बिणीतून नीट पाहिलं तर तिथे लेंड्यांचा ढीग असतो. ती त्याच्या हद्दीची खूण. दुसरा नर त्या बाजूला सरकला की हा मान उंचावून, शिंगं पाठीवर टाकून संथपणे त्याच्याकडे चालू लागतो. कळपातल्या एकीला संशय आला की ती जागच्या जागी उंच उडी घेते, आणि क्षणात सगळा कळप उधळतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी आपल्या घरापासून इतक्या जवळ राहतो, हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याला वेगळ्या भाषणाची गरज उरत नाही.

याच गवताशी आणखी एका पक्ष्याचं नशीब बांधलेलं आहे. तणमोर. पावसाळ्यात नर तणमोर गवतातून सरळ वर उडी घेतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात दिसेनासा होतो. मादीला खुणावण्यासाठी तो दिवसातून शेकडो वेळा असा उडतो. गवताळ माळ नांगराखाली गेले तसा हा पक्षी देशभरात कमी होत गेला. कारंजा लाडच्या ‘संवेदना’ संस्थेने वाशिम-अकोला भागात फासेपारधी समाजाला सोबत घेऊन गवताळ माळ आणि तणमोर वाचवण्याचं काम केलं आहे. ज्या समाजाला इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि ज्याच्यावरचा तो शिक्का स्वतंत्र भारतात 1952 साली पुसला गेला, त्याच समाजाकडे पक्ष्यांच्या आवाजाचं, वाटांचं, अंड्यांच्या जागांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. कॉलेजच्या मंडळाने या जाणत्या माणसांना गुरू म्हणून बोलवावं, मानाने बसवावं, त्यांच्या मागे चालावं. प्राणिशास्त्राच्या पुस्तकाला अशी जोड शहरातल्या कॉलेजांना सहज मिळत नाही.

माळाइतकीच जवळची दुसरी शाळा म्हणजे तलाव. कारंजा तालुक्यातला अडाण प्रकल्प, वाशिमजवळचा एकबुर्जी. हिवाळ्यात विदर्भाच्या जलाशयांवर चक्रवाक येतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. महाराष्ट्रात दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. 5 तारीख निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची, 12 तारीख पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या जन्माची. मंडळाच्या वर्षाचा श्रीगणेशा करायला याहून चांगला आठवडा शोधून सापडायचा नाही. एक वही, दोन दुर्बिणी आणि पक्ष्यांच्या चित्रांचं एक मराठी पुस्तक एवढ्या भांडवलावर काम सुरू होतं. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या असे पाच रकाने वहीत आखावेत. पाच वर्षं ही वही नेमाने भरली तर त्या तलावाचा इतिहास कॉलेजच्या कपाटात तयार असेल.

पाय जरा रुळले की लांबचा पल्ला. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात लोणार आहे. बेसॉल्टच्या कातळात उल्का आदळून झालेलं, काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर. 2020 च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळा देश चकित झाला. खारं पाणी मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसून आलं. त्याच वर्षी लोणारला पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत स्थान मिळालं. काठावर उभं राहून मोबाइलमध्ये फोटो काढणं ही झाली सहल. वाटाड्या घेऊन झाडीतून खाली उतरणं, वाटेतली देवळं पाहणं, भूगोल आणि रसायनशास्त्राच्या शिक्षकांना तिथेच प्रश्न विचारणं, हे मंडळाचं काम.

उत्तरेला सातपुडा. अकोट तालुक्यातला नरनाळा, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, आणि या दोन्हींना कवेत घेणारा मेळघाट, व्याघ्रप्रकल्पाच्या देशातल्या पहिल्या 9 क्षेत्रांपैकी एक. 1884 नंतर कुणाच्या दृष्टीस न पडलेला रानपिंगळा हा घुबडवर्गातला पक्षी 1997 साली नंदुरबारकडच्या जंगलात पुन्हा सापडला, आणि त्याचं एक महत्त्वाचं घर मेळघाटात आहे हे पुढे कळलं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटातल्या पाणवठ्यांजवळ मचाणावर बसण्याची संधी वनखातं नागरिकांना देत आलं आहे. पूर्वी ती प्राणीगणना म्हणून ओळखली जायची. आता वाघांची मोजदाद कॅमेरे करतात, त्यामुळे मचाणावरची रात्र ‘निसर्गानुभव’ म्हणून उरली आहे. न बोलता, मोबाइल न पाहता, पाण्याकडे डोळे लावून रात्रभर बसायचं. विशीतल्या मुलांकडून एवढा संयम दुसरीकडे कुठे कुणी मागत नाही.

आता काळजीची गोष्ट. 1 फेब्रुवारी 2016 रोजी कोकणात मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्यातल्या एका कॉलेजच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. त्या घटनेनंतर अनेक पालकांनी सहलीला नाही म्हटलं, आणि त्यांचं चुकलं असं कुणी म्हणू शकत नाही. म्हणून मंडळाचे नियम कडक हवेत. निघताना, उतरताना आणि परतताना हजेरी. पालकांची लेखी संमती. पुढे एक जाणता, मागे एक जाणता, आणि मागच्याच्या मागे कुणी नाही. अनोळखी पाण्यात पाय घालायचा नाही, मग ते समुद्राचं असो, धरणाचं असो की शेततळ्याचं. किल्ल्यावर आग्या मोहोळ दिसलं तर धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरड नाही. पावसाळी दिवसांत ‘दामिनी’ हे पुण्याच्या हवामान संशोधकांनी केलेलं ॲप फोनमध्ये असावं, आणि ढग गडगडू लागले की झाडाखाली न थांबता पक्क्या छताखाली जावं. साप चावला तर मांत्रिकाकडे नाही, चिरा देणं नाही, करकचून आवळणं नाही. रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन आणि थेट ग्रामीण रुग्णालय.

जेवणाचा विषय मात्र आनंदाचा. हॉटेलसमोर गाडी उभी करण्यापेक्षा वऱ्हाडी रोडग्यांची पंगत बरी. गव्हाच्या जाडसर पिठाच्या पाऱ्या एकात एक गुंडाळून गोळे करायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. मुलांनी कणीक मळावी, मुलींनी जाळ सांभाळावा, मग उलट करावं. एक नियम पाळायचा. ही पंगत ओळखीच्या शेतात, मोकळ्या वावरात. माळावर किंवा जंगलात काडी पेटवायची नाही. उन्हाळी गवतात पडलेली एक ठिणगी वणवा लावते, आणि जमिनीवरची घरटी त्यातून वाचत नाहीत.

अशा फिरण्यातून होतं काय, असं विचारणाऱ्यांसाठी विदर्भातलीच दोन उदाहरणं आहेत. 1970 च्या सुमारास समाजसेवक बाबा आमटे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलांना आणि त्यांच्या मित्रांना घेऊन भामरागडच्या जंगलात सहलीला गेले. तिथल्या माडिया आदिवासींची उपासमार आणि आजारपण त्या तरुणांनी पाहिलं. बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे यांनी तिथेच काम करायचं ठरवलं, आणि 1973 च्या डिसेंबरात हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. दुसरं उदाहरण 2018 च्या मे महिन्याचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधल्या 5 आदिवासी विद्यार्थ्यांनी राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेत एव्हरेस्ट सर केलं. मोलमजुरी आणि शेती करणाऱ्या घरांतली ही मुलं. कुणीतरी त्यांच्यातला दम ओळखला, प्रशिक्षण दिलं, संधी दिली.

कामरगावच्या प्रत्येक मुलाने एव्हरेस्ट चढावं असं कुणी म्हणत नाही. पण दर महिन्याच्या एका रविवारी त्याने आणि तिने माळावर जावं, तलावावर जावं, नोंद करावी, थकून घरी यावं, हे सहज होण्यासारखं आहे. त्यासाठी प्राचार्यांनी एका उत्साही शिक्षकाच्या आणि एका शिक्षिकेच्या हाती मंडळ सोपवावं. तारखा, हिशोब, हजेरी विद्यार्थ्यांकडे द्यावी. माजी विद्यार्थ्यांनी एक दुर्बीण भेट द्यावी. आणि पालकांना विनंती ही, की मुलाला पाठवाल तेव्हा मुलीलाही पाठवा. सोबत कोण आहे, परत कधी येणार, हे खुशाल विचारा. उत्तर समाधानकारक मिळालं, की तिच्या हाती डबा आणि पाण्याची बाटली द्या, आणि तिला जाऊ द्या.