बलकातून आलेलं विष

नदीत रसायन सुटलं की आपण मेलेले मासे मोजतो. पंचनामा होतो, पाण्याचे नमुने जातात. मी आज न मेलेल्या माशांबद्दल बोलणार आहे. मोठे मासे धडधाकट आहेत, गळाला लागताहेत, अंडीही घालताहेत. आणि तरी पुढची पिढी दिसतच नाही. उत्तर अमेरिकेतल्या ऑन्टारिओ सरोवरात हे घडलं.

तिथला लेक ट्राउट हा थंड पाण्यातला मासा 1960 च्या सुमारास जवळपास नाहीसा झाला. दोष बेसुमार मासेमारीला आणि सी लॅम्प्रे या रक्त शोषणाऱ्या परजीवीला दिला गेला. तो खोटाही नव्हता. पण 1970 च्या दशकात बाहेर वाढवलेली पिल्लं सरोवरात सोडली, ती मोठी झाली, तरी वीण काही टिकेना.

उत्तर अंड्यात होतं. माशाचं अंडं पाण्यात पडलं की आईकडून पुढे काही मिळायचं नसतं. पिल्लू तोंडाने खाऊ लागेपर्यंतची सगळी शिदोरी बलकात बांधलेली. ती तयार होते आईच्या यकृतात. इस्ट्रोजेनचा इशारा मिळाला की यकृत व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवतं, रक्तावाटे ते अंडाशयात जातं आणि तिथे त्याचे तुकडे होऊन साठतात. सोबत चरबी असते, जीवनसत्त्वं असतात. गर्भ वाढू लागला की विकरं हे साठे फोडतात. बलक आटत जातो, अंग भरत जातं.

आता सरोवरातलं डायॉक्सिन हे विषारी रसायन चरबीत विरघळतं. आईच्या अंगात वर्षानुवर्षं साठलेलं हे विष चरबीबरोबर अंड्यात उतरतं. पिल्लू बलक वापरतं, त्याबरोबर विषही पेशीपेशीत पोचतं आणि तिथल्या एका ग्राहक प्रथिनाला चिकटतं. त्यासरशी काही जनुकं जागी होतात, परकी रसायनं मोडणारी विकरं तयार होऊ लागतात. डायॉक्सिन मात्र सहजी मोडत नाही. इशारा चालूच राहतो आणि भलत्या वेळी, भलत्या पेशींत चालू राहतो.

याचा परिणाम झेब्राफिशच्या गर्भात डोळ्यांनी दिसतो, कारण तो काचेसारखा पारदर्शक असतो. (हा मूळचा आपल्याच उपखंडातला मासा.) साडेअठ्ठावीस अंशांच्या पाण्यात पहिला दिवस संपता संपता हृदय धडकू लागतं. निरोगी गर्भात हृदयाची नळी वळते, दोन कप्पे शेजारी येतात. डायॉक्सिन दिलेल्या गर्भात ती ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळच राहते. भोवती पाणी साचतं, रक्त रेंगाळतं. ते ग्राहक प्रथिन आधीच बंद केलं, तर विष असूनही यातलं बरंचसं टळतं. मूळ कुठे आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

लेक ट्राउटच्या एक ग्रॅम अंड्यांत ग्रॅमचा दहा अब्जावा भाग डायॉक्सिन पुरतं. पिल्लं अंड्यातून बाहेर येतात, पोटाची पिशवी निळसर पाण्याने फुगते, आणि ती मरतात. सरोवराच्या तळाचा गाळ थराथराने तपासून 2003 मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला: 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून साधारण तीस वर्षं तिथलं विष झाडून सगळी पिल्लं मारण्याइतकं होतं.

पुढे डायॉक्सिन घटलं, थोडी पिल्लं जगू लागली, तर दुसरंच दुखणं निघालं. एलवाइफ या माशात थायमिन हे जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं. तोच खाणाऱ्या आईच्या अंड्यांत थायमिन कमी पडतं. अशी अंडी थायमिनच्या पाण्यात बुडवली की पिल्लं वाचतात!

आता, असं बलकातून येणारं विष चाचणीत सापडेल का? माशांच्या गर्भावर रसायन तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत 2013 मध्ये ठरली. 96 तास गर्भ रसायनाच्या पाण्यात ठेवायचा आणि चार खुणा बघायच्या, चारही मृत्यूच्याच. बलकावाटे येणाऱ्या विषाला तिथे जागा नाही, आणि हळूहळू बिघडणारं पिल्लू नोंदीत जिवंतच. माझ्या मते चाचणी बलक संपेपर्यंत चालावी, आणि कधी तरी विष आईच्या खाद्यातून देऊन अंडी तपासावीत. पण युरोपच्या 2010 च्या निर्देशानुसार पिल्लू स्वतः खाऊ लागलं की त्याला प्रयोगातल्या प्राण्याचं संरक्षण मिळतं, परवानग्या लागतात. म्हणून चाचणी त्याच्या आधीच आटोपते.