हुरडा थांबत नाही

हेडफोन लावून कुठेतरी अडकला असाल, म्हणजे सिग्नलला, बसथांब्यावर, लिफ्टच्या रांगेत, तर आजच्या गप्पा तुमच्यासाठीच आहेत. आज बोलायचंय वाट बघण्याबद्दल. आणि थोडं थंडीबद्दल.

परवा सकाळी आंघोळीनंतर खोबरेल तेलाची बाटली उलटी केली, तर तेल खाली यायलाच तयार नाही. पांढरं, घट्ट गोठलेलं. म्हटलं, चला, पुण्यात थंडी आली! खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. त्यामुळे आमच्या गावच्या घरी थंडीची पहिली बातमी ही बाटलीच द्यायची. आई ती उन्हात ठेवायची आणि मी नि ताई शाळेच्या कपड्यांत, विस्कटलेल्या केसांनी अंगणात उभे. तेल पातळ झाल्याशिवाय भांग नाही, भांग पाडल्याशिवाय शाळा नाही.

त्याआधी आंघोळीचा नंबर. तांब्याचा बंब, त्यात तुराट्या आणि चिपाडं. पहिला नंबर ताईचा, कायम. मी आपला बंबाला पाठ लावल्यासारखा बसायचो. धुराने डोळे चुरचुरायचे, पण हलायचो नाही. पाणी तापायची वाट बघता बघता एवढं ऊबदार वाटायचं की नंबर आला तर आंघोळच नको व्हायची.

परवा मात्र मी काय केलं? गरम पाण्याच्या मगात बाटली बुडवली. दोन मिनिटांत काम झालं. कारण आता मला वाट बघणं जमतच नाही. आणि गंमत म्हणजे माझी नोकरीही तीच आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे हे तुम्हाला माहितीय. आमच्या टीमचं काम एका वाक्यात सांगायचं, तर लोकांना वाट बघायला लागू नये. आणि लागलीच, तर ती जाणवू नये. तुम्ही एखादं ॲप उघडता तेव्हा आधी करड्या रंगाचे रिकामे चौकोन दिसतात ना? फोटोच्या जागी चौकोन, नावाच्या जागी पट्टी. त्याला आम्ही स्केलेटन स्क्रीन म्हणतो. खरा मजकूर अजून आलेलाच नसतो. पण काहीतरी येतंय असं वाटतं आणि माणूस ॲप बंद न करता थांबतो. माणसाला थांबवून ठेवायची युक्ती, दुसरं काही नाही.

हे लक्षात ठेवा, परत येतो याच्याकडे.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढा तालुक्यात. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. काळी जमीन, पाऊस बेताचा. रब्बीची ज्वारी पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरला, आणि पुढे ती बरीचशी जमिनीतल्या ओलीवर येते. म्हणजे पेरून झालं की शेतकऱ्याच्या हातात मुख्य काम एकच, वाट बघणं.

पेरल्यापासून साधारण तीन महिन्यांनी कणसात दाणा भरतो. हिरवा, कोवळा, दाबला तर दुधाळ. तोच हुरडा. ही अवस्था टिकते जेमतेम आठ-दहा दिवस. नंतर दाणा टणक होतो, मग त्याची भाकरीच. लहानपणी त्या दिवसांत शाळा सुटली की मी थेट मचाणावर. हातात गोफण, पाखरं हाकायची. गोफण कमी आणि आरडाओरडाच जास्त. दर दोन दिवसांनी विचारायचो, "अण्णा, झाला का हुरडा?" अण्णा एक दाणा नखाने दाबून बघायचे आणि म्हणायचे, "अजून चार दिस." ते चार दिवस कधी जड गेल्याचं मला आठवत नाही.

मग रविवारी आगटी. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या, विस्तव पडला की गरम राखेत कणसं खुपसायची. भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, आणि तो वाफाळता हिरवा दाणा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर खायचा. हात काळे, ओठ काळे, आणि आगटीभोवतून उठायला कुणीच तयार नाही.

आता ज्यासाठी माईक चालू केला ते सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. जानेवारीच्या सुरुवातीला अण्णांचा फोन, "हुरडा आलाय, येतोस ना?" मी म्हटलं, "या रविवारी नाही, पुढच्या रविवारी नक्की." पुढच्या आठवड्यात रिलीज पुढे ढकललं गेलं. मी परत म्हटलं, "पुढच्या रविवारी नक्की." अण्णा म्हणाले, "बरं, ये सवडीनं. पण हुरडा काय आपल्यासाठी थांबतोय व्हय?"

तिसऱ्या रविवारी मला खरंच सुट्टी होती. पण ऑफिसच्या पोरांनी पुण्याजवळच्या एका फार्मवर बेत ठरवला होता. कसला, सांगा? हुरडा पार्टी. गावाला जाऊन-येऊन सगळा शनिवार-रविवार जाणार, हे दोन तासांवर. गेलो. मजा केली. फोटो स्टेटसला टाकले. अण्णांनी नवा स्मार्टफोन घेतलाय, ते स्टेटस बघतात, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

रात्री त्यांचा फोन आला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "गोड होता का रे हुरडा?"

मला काय बोलावं सुचेना. "होता," म्हटलं. "आपल्यासारखा नव्हता." आणि ते खरंही होतं, पण तेव्हा ते फार स्वस्त वाटलं.

होळीच्या सुमाराला एसटीच्या पार्सलने ज्वारीचं एक लहान पोतं आलं. मी आईला फोन केला. ती सहज बोलून गेली, "अरे, ती विहिरीकडची गूळभेंडी आहे. हुरड्यालाच पेरली होती. दोनदा पेरली होती त्यांनी, पंधरा दिवसांच्या अंतरानं. म्हणाले, पोराला पहिल्या वेळेला नाही जमलं तर दुसऱ्या वेळेला सापडेल."

मंडळी, सर्व्हरने पहिल्यांदा उत्तर दिलं नाही तर थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं, हे आम्ही कोडमध्ये लिहितो. माझ्या बापाने ते शेतात लिहिलं होतं. सप्टेंबरमध्येच. मी येणार नाही ही शक्यता धरून. आणि मी दोन्ही वेळेला आलो नाही. दाणा टणक झाला, ज्वारी झाली, आणि ती पोत्यात भरून माझ्याकडे आली.

तेव्हा मला ते करडे चौकोन आठवले. "पुढच्या रविवारी नक्की" हे माझं वाक्य म्हणजे दुसरं काय होतं? मागे काहीच नव्हतं, नुसती पट्टी दाखवून मी अण्णांना थांबवून ठेवलं होतं.

लहानपणी वाट बघणं जड का जात नव्हतं, याचा मी नंतर खूप विचार केला. तेल पातळ होणार हे नक्की होतं. पाणी तापणार हे नक्की होतं. अण्णांनी चार दिवस म्हटलं की चारच दिवस. येणारी गोष्ट नक्की असली की वाट बघण्यातही ऊब असते. ती खात्री मला अण्णांनी दिली होती, आणि त्यांच्या वाट्याची मी काढून घेतली.

त्यानंतर मी एकच बदल केला. जमणार नसेल तर "नाही" म्हणतो. "बघतो" नाही, "नक्की ट्राय करतो" नाही. सरळ "अण्णा, या वेळी नाही जमणार." पहिल्यांदा म्हणालो तेव्हा जीभ जड झाली होती. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, शेजारच्या पोरांना बोलावतो." म्हणजे आगटी तर पेटली ना! माझ्या खोट्या होकारापायी ती विझून राहिली नाही.

आणि "येतो" म्हटलं की जातोच. मागच्या जानेवारीत गेलो होतो. आगटीचा विस्तव पडेपर्यंत आम्ही दोघं नुसते बसलो होतो, फारसं बोललोही नाही. मग अण्णांनी कणीस चोळून दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, "गोड आहे." त्यांनी दुसरं कणीस उचललं.

तर या थंडीत तुमचीही कुणीतरी वाट बघत असेल. त्यांना फोन करा आणि खरं काय ते सांगा. हो असेल तर तारीख सांगा, नाही असेल तर नाही सांगा.

यंदाची माझी तारीख अण्णांना कळवून झालीय. आईला विचारलं, "या वर्षी गूळभेंडी किती वेळा पेरली?" ती हसली. म्हणाली, "एकदाच."

भेटूया पुढच्या वेळी. काळजी घ्या, कान झाका!