विद्यार्थ्यांनी चालवलेली जनसंपर्क-संस्था
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी पास. विद्यापीठातल्या गोष्टींवर मी बोलावे याचे मलाच हसू येते. पण माझी भाची अमेरिकेत शिकते आणि दर रविवारी फोनवर सगळे सांगते. त्यातलेच चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला.

तिचा विषय जनसंपर्क. "म्हणजे जाहिरातच ना ग?" मी विचारले. ती म्हणाली, "मावशी, जाहिरातीच्या जागेचे पैसे मोजावे लागतात. आम्ही बातमी अशी पोचवायची, की संपादकाला ती आपणहून छापावीशी वाटावी." तिकडे हा विषय जुना आहे. बोस्टन विद्यापीठात १९४७ साली त्याचे स्वतंत्र विद्यालय निघाले आणि १९७८ पासून तिथे विद्यार्थ्यांनी चालवायची जनसंपर्क-संस्थाही आहे. खरी गिऱ्हाइके, खरी कामे, आणि त्याचे गुण परीक्षेत धरतात.

भाचीच्या विद्यापीठात असे काही नव्हते. तिने व चार मैत्रिणींनी ते सुरू करायचे ठरवले. मला वाटले, पाटी लावली की झाले! पण आधी एक प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून मिळवावे लागले. मग विद्यापीठाची संमती. पैसे कोणाच्या खात्यात जमा करायचे यावरच दोन महिने गेले. शिवाय परदेशी विद्यार्थ्याला परवानगीवाचून बाहेरचे काम करून पैसे घेता येत नाहीत, म्हणून हिने मोबदल्यावर पाणी सोडले.

पहिले गिऱ्हाईक मिळाले ते एक धर्मार्थ अन्नछत्र. एक वयस्क बाई ते चालवतात. पोरींनी रात्र जागून निवेदन लिहिले. त्यात 'शंभर कुटुंबांना दररोज जेवण' असे घातले. खरी कुटुंबे होती बासष्ट. बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मी किती ताटे वाढते हे या गल्लीला ठाऊक आहे. उद्या मला इथेच उभे राहायचे आहे. तुम्ही परीक्षा देऊन निघून जाल."

भाची त्या दिवशी फोनवर रडली. मी तिची समजूत घातली खरी, पण मला आपला फलक आठवला. गेल्या वर्षी 'भव्य महिला मेळावा' असे मीच माझ्या हाताने लिहिले होते, आणि जमलो होतो आपण सव्वीसजणी! (हसता कशाला, तुम्हीही होतात.)

आयव्ही ली नावाच्या गृहस्थाने १९०६ सालीच वर्तमानपत्रांना लिहून दिले होते, की आमचे काम उघड राहील आणि माहिती बिनचूक असेल. पोरींनी हे पुस्तकात वाचले होते. पटले मात्र त्या बाईंपुढे. बासष्टच लिहिले. स्थानिक पत्रात चार ओळी आल्या, आणि त्या वाचून एका बेकरीवाल्याने रोजचा उरलेला पाव द्यायला सुरुवात केली.

आता अडचण वेगळीच आहे. येत्या मे महिन्यात पाचहीजणी पदवी घेऊन बाहेर पडतील. अशा संस्थेत दर वर्षी जुनी माणसे जातात आणि नवी येतात. गिऱ्हाईक मात्र तेच राहते. म्हणून भाची एक वही लिहिते आहे: कोणाला काय कबूल केले, कोणत्या वार्ताहराला कधी फोन करावा, बाईंना कोणता शब्द आवडत नाही. पहिल्या पानावर तिने बासष्टचा आकडा लिहून ठेवला आहे. वही घ्यायला दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तयार झाली आहे, दुसरी अजून शोधताहेत.