बोलणी करण्याची विद्या



यंदाच्या मेळाव्यात तरुणांसाठी आम्ही चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारे आयुष्य फळा व खडू यांच्या सहवासात गेलेले. नोकरी-व्यवसायात वाटाघाटी कशा कराव्यात या विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार कोणता, असा प्रश्न समोर बसलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मनात आला असेल. अधिकार एवढाच की, ही विद्या नसल्यामुळे काय गमवावे लागते, ते आम्ही पुरते जाणतो.

लहानपणी आमचे वडील आम्हांस बैलांच्या बाजारात नेत. तेथील सौदा तोंडाने होत नसे. उपरण्याखाली घेणाऱ्याचा आणि दलालाचा हात एकमेकांत जाई, बोटे धरून आकडा सांगावयाचा आणि बोटे दाबूनच तो फिरवावयाचा. भोवती माणसांचे कडे असे, पण आकडा त्या दोघांपलीकडे कोणास कळत नसे. आम्हांस तेव्हा तो पोरखेळ वाटे. त्यातील शहाणपण पुष्कळ वर्षांनी उमगले. चारचौघांत एकदा उच्चारलेल्या आकड्यावरून मागे येणे मनुष्यास अपमानास्पद वाटते. उपरण्याखाली मात्र दहा वेळा पुढेमागे होता येते आणि कोणाचीही पगडी उतरत नाही. दुसरे असे की, वडील बाजारास निघण्यापूर्वी आदल्या रात्रीच आमच्या मातोश्रींशी बोलून दोन गोष्टी पक्क्या करीत. कोठपर्यंत जावयाचे ही एक, आणि जोडी न मिळाली तर कोणाशी सावड करून हंगाम काढावयाचा ही दुसरी. ही दुसरी गोष्ट ठरलेली असल्यामुळेच ते बाजारातून रिकाम्या हाताने हसत परत येऊ शकत.

असा व्यवहारचतुर आपला समाज. परंतु त्याचाच मुलगा कचेरीतील टेबलासमोर बसला म्हणजे मुका होतो! बैलाच्या दातांवरून तासभर वाद घालणाऱ्या बापाचे लेकरू स्वतःच्या पगाराचा आकडा विचारावयास लाजते. ‘साहेब देतील ते खरे’ असे म्हणणे यास आपण सभ्यपणा समजतो.

आम्हीही तसेच समजलो. नोकरीच्या आरंभी आम्ही ज्या संस्थेत होतो, तेथील चालकांनी एके दिवशी वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे सोपविली. वेतन नाही, जागा म्हणून मुलांच्याच खोलीतील एक कोपरा. आम्ही मान खाली घालून ‘बरे’ म्हटले. सहा वर्षे कुटुंब गावी आणि आम्ही वसतिगृहात. थोरल्या मुलीने पहिले पाऊल टाकले ते आम्हांस पत्राने कळले. पुढे आमची बदली झाली आणि आमच्या जागी आलेल्या तरुण शिक्षकाने काम स्वीकारण्यापूर्वी शांतपणे एवढेच विचारले की, ‘कुटुंबासह राहण्याची काही सोय होईल काय?’ त्यास दोन खोल्या मिळाल्या. त्या खोल्या आमच्या वेळीही रिकाम्याच होत्या. चालक दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. न मागितलेले द्यावे, असे त्यांस सुचले नाही आणि मागावे, असे आम्हांस सुचले नाही.

आता आपल्या गावच्या एका मोठ्या प्रसंगाकडे वळू. १९३६ च्या डिसेंबरात याच फैजपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, गांधीजी उपस्थित, टिळकनगराची सजावट नंदलाल बोस यांच्या कल्पनेची आणि धनाजी नाना चौधरींचे अपार परिश्रम, हे सारे आपल्या घरोघरी सांगितले जाते. परंतु त्या अधिवेशनाने एक निर्णय मुद्दाम घेतला नाही, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. १९३५ च्या कायद्यान्वये प्रांतांच्या निवडणुका तोंडावर होत्या. जिंकल्यास मंत्रिपदे घ्यावीत की नाही, याविषयी पुढाऱ्यांत तीव्र मतभेद होता. फैजपुरास ठरले ते असे की, हा प्रश्न निवडणुकीनंतर पाहू. आपले बळ मोजले गेलेले नसताना आपली अट जाहीर करावयाची नाही, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

१९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या आणि अनेक प्रांतांत काँग्रेसला बहुमत मिळाले. मग मार्चमध्ये अट घातली गेली: गव्हर्नरांनी आपले विशेष अधिकार वापरून मंत्र्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, तसे आश्वासन द्यावे. गव्हर्नरांनी नकार दिला. काँग्रेस बाहेर राहिली. मुंबई प्रांतात धनजीशा कूपर यांचे हंगामी मंत्रिमंडळ आले. परंतु विधिमंडळात ज्याच्या पाठीशी बहुमत नाही, असे सरकार किती काळ चालणार, हे सरकारही जाणून होते. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सौम्य भाषेत निवेदन केले. मागितलेले आश्वासन अक्षरशः त्यात नव्हते. भाव मात्र पुष्कळसा होता. जुलैत वर्ध्यास कार्यकारिणीने मंत्रिपदे स्वीकारण्यास अनुमती दिली आणि बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्य मंत्री झाले. पूर्ण आश्वासन न घेता आत गेले म्हणून कोणी यास माघार म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. तीन महिने बाहेर थांबण्याची तयारी नसती, तर तेवढेही पदरात पडले नसते.

थांबण्याची ही शक्ती केळीच्या बागाइतदारास नसते, हे आपणांस निराळे सांगावयास नको. घड तयार झाला की तो दिवस मोजू लागतो आणि व्यापारी बांधावर येऊन त्या घडाकडेच पाहतो. कापणीयोग्य माल, वर वैशाखाचे ऊन, वावटळीची भीती. अशा वेळी जाहीर भावापेक्षा कमी आकडा कानावर पडला तरी मान हलविली जाते. येथे चातुर्य बोलण्यात नाही, आधीच्या तयारीत आहे. माल पंधरा दिवसांवर असतानाच दोघातिघांशी बोलून ठेवावे, बऱ्हाणपूरचा भाव रोज विचारावा, वाहतूक वजा जाता तेथे काय हाती पडेल याचा हिशेब खिशात ठेवावा. आपल्या वडीलधाऱ्यांनी फ्रूटसेल सोसायट्या काढून रेल्वेच्या वाघिणी भरल्या आणि केळी दिल्लीकडे रवाना केली, ती याच विचाराने. एकट्याच्या मालाने वाघीण भरत नाही.

नोकरीची गोष्ट यापासून फार दूर नाही. एकच पत्र हाती असलेला तरुण हा पिकलेला घड घेऊन बसलेला शेतकरी होय. दोन ठिकाणी अर्ज चालू ठेवणे यात अप्रामाणिकपणा काही नाही. हल्ली ऑफर लेटरमध्ये सीटीसी म्हणून मोठा आकडा लिहितात. त्यात मालकाने भरावयाचा भविष्य निर्वाह निधी असतो, पुष्कळदा ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते. दरमहा हाती काय पडेल, हे विचारल्यावाचून त्या आकड्यास भुलू नये. विचारताना ‘मला घरभाडे परवडत नाही’ असे रडगाणे गाऊ नये. आपली गरज हे समोरच्याचे कारण होत नाही. त्याचे कोणते काम अडले आहे आणि ते आपल्याकडून कसे होईल, हे सांगावे. आकडा सांगून झाल्यावर गप्प बसावे. हे सर्वांत कठीण! आमच्या मुलांस ती शांतता सोसवत नाही आणि ती स्वतःच पुन्हा बोलून आकडा खाली आणतात. पगार वाढविता येत नसेल, तर सुट्या, रुजू होण्याचा दिवस, सहा महिन्यांनी फेरविचार, बाँडची अट अशा पुष्कळ गोष्टींवर बोलता येते. आणि जे ठरेल, ते लेखी घ्यावे.

जाता जाता एक सांगतो. लग्नाच्या बैठकीत मात्र ही विद्या कोणी पाजळू नये. हुंड्यास १९६१ च्या कायद्याने बंदी आहे आणि मुलीचे मोल उपरण्याखालीही करावयाचे नसते.

गेल्या साली पुण्यात नोकरी मिळालेली आमची एक विद्यार्थिनी पत्र घेऊन आमच्याकडे आली. तीन संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसून सराव केला. आम्ही साहेब झालो आणि ती उमेदवार. पहिल्या दिवशी ती रडकुंडीस आली. तिसऱ्या दिवशी आम्हांसच उत्तर सुचेना. प्रत्यक्षात तिचा पगार थोडकाच वाढला, परंतु दोन वर्षांच्या बाँडची अट गेली आणि सहा महिन्यांनी वेतनाचा फेरविचार करण्याचे पत्रात नमूद झाले. तेव्हा यंदा ज्यांच्या हाती अशी पत्रे येतील, त्या मुलामुलींनी सही करण्यापूर्वी अवश्य यावे. दुपारी आम्ही विश्रांती घेतो. पाचनंतर ओट्यावरच असतो.