वाऱ्याकडे पाठ करून

वैतरणा म्हटलं की आपल्याला नदी, खाडी किंवा रेल्वे स्टेशन आठवतं. कच्छ-काठियावाडात मात्र ते एका बुडालेल्या आगबोटीचं नाव आहे. 8 नोव्हेंबर 1888 रोजी ‘वैतरणा’ मांडवीहून मुंबईकडे निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात ती सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. बिनतारी संदेश तेव्हा नव्हता. भर समुद्रातल्या बोटीला कोण सावध करणार?

आज उपग्रह आहेत, हवामान खातं आहे, आणि आमच्यासारखे हौशीही आहेत. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आमचे जागरणाचे महिने. एक निवृत्त मास्तर दाबमापक बघतात, सातपाटीचे एक नाखवा लाटांची चाल सांगतात, मी वहीत वाऱ्याची दिशा लिहितो. नियम जुना आणि सोपा आहे. उघड्या किनाऱ्यावर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा. कमी दाबाचं केंद्र साधारण तुमच्या डाव्या हाताला असतं.

हौशी माणसांची परंपराही जुनी आहे. कोलकात्याचा हेन्री पिडिंग्टन एकेकाळी जहाजावरचा माणूस. जहाजांच्या नोंदवह्या जमवून त्यानं वादळांचा अभ्यास केला आणि 1848 मध्ये ‘सायक्लोन’ हा शब्द जगाला दिला. आपल्याकडे ‘तुफान’ अरबीतून आलं, ‘नाखवा’ फारसीतल्या ‘नाखुदा’वरून. वाऱ्यानं गलबतं आणली तसे शब्दही आणले.

पण हौसेला लगाम हवा. समुद्रात कमी दाबाचा पट्टा दिसला की लगेच मोबाइलवर ‘महावादळ’ फिरू लागतं. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटर झाल्याशिवाय खातं त्याला चक्रीवादळ म्हणत नाही, नावही देत नाही. अफवेपायी होडी किनाऱ्यावर राहिली तर कोळ्याची एक फेरी बुडते. दोनदा असं झालं की तिसऱ्या वेळी तो खऱ्या इशाऱ्यालाही हसतो. धोका तिथं आहे.

जून 2020 मध्ये ‘निसर्ग’ हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान धडकेल, असा अंदाज होता. 3 जूनला ते श्रीवर्धनजवळ आलं. आमच्याकडे काही जण म्हणाले, ‘उगाच घाबरवलं!’ श्रीवर्धन आपल्यापासून पावणेदोनशे किलोमीटरवर. तिथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. जे आपल्याला चुकलं, ते दुसऱ्याच्या छपरावर पडलं; इशारा खोटा नव्हता.

आणि मे 2021 मधलं ‘तौक्ते’? इशारा दिवसेंदिवस आधी होता. तरीही मुंबईपलीकडच्या तेलक्षेत्रात ‘पी-305’ हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसं गेली.

1888 मध्ये इशारा पोचवायला साधन नव्हतं. आता साधन आहे. पोचलेल्या इशाऱ्यावर वेळीच हलायचं बाकी आहे. म्हणून आम्ही हौशी मंडळींनी एक पथ्य ठरवलंय. नोंदी आमच्या, इशारा फक्त खात्याचा. आणि बंदरावर बावटा चढला की वाद मिटला. होडी वर ओढायला आम्हीही हात लावतो.