ज्येष्ठतेची यादी आणि वैमानिकाचा पगार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस ‘कामगार चळवळीचे अनुभव’ असा विषय दिला होता. तो आम्ही बदलून मागितला. अनुभव सांगू लागले की माणूस स्वतःच्या पराक्रमावर घसरतो आणि ऐकणाऱ्याला जांभया येतात. म्हणून आम्ही परक्या देशातील आणि परक्या धंद्यातील एक गोष्ट घेऊन आलो आहोत. आमचे शिक्षण दहावीपाशी थांबले. विमानात आम्ही आजवर तीनदाच बसलो आणि तिन्ही वेळा खिडकी शेजाऱ्याच्या वाट्याला गेली. तरीही अमेरिकेतील छोट्या विमान कंपन्यांच्या वैमानिकांवर बोलण्याचे धाडस करीत आहोत, कारण त्यांच्या गोष्टीत आमची स्वतःची एक चूक आम्हांस सापडली. ती शेवटी सांगू.

वैमानिक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि गलेलठ्ठ पगार येतो. आमच्या युनियनच्या कचेरीत एकदा हा विषय निघाला तेव्हा एक जुने सभासद म्हणाले, “अहो, त्यांना कसली आली युनियन!” आम्हांसही तसेच वाटत होते. पुढे एका अपघाताच्या सरकारी चौकशीचा अहवाल हाती आला. तो आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन दोन पावसाळे वाचला.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला निघालेले एक विमान उतरण्याच्या बेतात असताना एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक अशी ५० माणसे गेली. उतारूंच्या तिकिटावर कॉन्टिनेंटल या मोठ्या कंपनीचे नाव होते, विमानावर रंगही तिचाच होता, पण विमान चालवीत होती कोल्गन नावाची छोटी कंपनी. विमानाचा वेग घसरला, धोक्याचा इशारा देणारी दांडी थरथरू लागली, तेव्हा विमानाचे नाक खाली करावयाचे ते कप्तानाने वर ओढले, असा चौकशीचा निष्कर्ष. चूक त्याचीच होती आणि ती आम्ही झाकीत नाही.

पण त्याच चौकशीत दुसरेही काही बाहेर आले. सहवैमानिक २४ वर्षांची मुलगी होती. नोकरीचे ठाणे न्यूअर्कला, म्हणजे न्यूयॉर्कच्या दारात. तेथे खोली घेण्याजोगा पगार नाही म्हणून ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिअ‍ॅटलजवळ, आईवडिलांकडे राहत असे. आदल्या रात्री ती मालवाहू विमानातून, वाटेत विमान बदलून, कामावर आली. कप्तानाने आदली रात्र विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. दोघांच्या कामावर थकव्याचा परिणाम झाला असावा, पण किती झाला हे ठरविता येत नाही, असे मंडळाने लिहिले. त्या मुलीचा वर्षाचा पगार सुनावणीत सुमारे सोळा हजार डॉलर सांगितला गेला, मागाहून कंपनीने तो आकडा वर नेला.

हा हिशेब कसा बसतो ते पाहा. वैमानिकाला पगार हजेरीवर मिळत नाही, तो मिळतो विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतच्या तासांवर. विमानतळावर ताटकळण्याचे तास बहुतेक फुकट. महिन्याला साधारण ७५ तासांची हमी असते. त्या काळी छोट्या कंपनीत नव्या सहवैमानिकाला तासाला वीस-बावीस डॉलर मिळत. बावीस गुणिले पंचाहत्तर गुणिले बारा करा, वीस हजारांच्या आतच उत्तर येते. आणि हे काम मिळविण्यासाठी त्याने विमान शिकण्याचे कर्ज अगोदरच डोक्यावर घेतलेले असते.

मग माणसे हे सोसत का होती? याचे उत्तर एका आकड्यात आहे. विमान कंपनीत रुजू होताच वैमानिकाला ज्येष्ठतेच्या यादीत एक नंबर मिळतो, आणि पुढचे सारे त्या नंबरावर चालते. कोणते ठाणे, कोणते विमान, कप्तान केव्हा होणार, दिवाळीला, म्हणजे त्यांच्या नाताळाला, घरी कोण आणि आकाशात कोण, हे सारे नंबराने ठरते. वरचा नंबर निवडतो, खालच्याला उरलेसुरले मिळते. सर्वांत खालचे ‘राखीव’, म्हणजे फोनची वाट पाहत बसणारे. कपात आली की ती खालून वर येते. गिरणीच्या दारात बिल्ला घेऊन उभा राहणारा बदली कामगार ज्यांना आठवतो त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

हा नंबर वाईट नाही हे आम्ही येथे ठासून सांगतो. नंबर नसतो तेथे मुकादमाची मर्जी असते. अमेरिकन वैमानिकांनी १९३१ साली आपली संघटना बांधली तेव्हा रेल्वे कामगारांकडून हा धडा घेतला. वादळात उडण्यास नकार देणाऱ्याला साहेब उद्या घरी बसवू शकत नाही, तो या यादीमुळे. १९३४ मध्ये तेथील राष्ट्रीय मजूर मंडळाने ८३ क्रमांकाचा निवाडा दिला. महिन्याला ८५ तासांची मर्यादा आली, आणि पगारात नोकरीच्या वर्षांबरोबर विमानाचा वेगही धरला जाऊ लागला. पुढे विमानाचे वजनही त्यात आले. यंत्र वाढले की मालकाची कमाई वाढते, त्यात आमचा वाटा हवा, अशी ती मागणी. आम्ही असतो तर आम्हीही हेच मागितले असते.

पण या विजयाच्या पोटात एक किडा होता. मोठ्या विमानाला मोठा पगार, म्हणजेच लहान विमानाला लहान पगार! काम तेच, हवामान तेच, धावपट्टी तीच, जबाबदारी तीच. ५० आसनांच्या विमानातील उतारू ३०० आसनांच्या विमानातील उतारूपेक्षा कमी मरत नाही.

१९७८ साली तेथे विमान धंद्यावरील सरकारी बंधने उठली. मोठ्या कंपन्यांनी लहान गावांच्या फेऱ्या छोट्या कंपन्यांना कंत्राटाने दिल्या. तिकीट मोठी कंपनी विकणार, भाडे ती ठरविणार, पुढे बहुतेक ठिकाणी इंधनाचे पैसेही तीच देऊ लागली. छोट्या कंपनीला फेरीमागे ठरावीक रक्कम. तेव्हा तिच्या मालकाला कात्री लावण्यास उरते काय? माणसांचा पगार.

येथे ज्येष्ठतेचा खेळ उलटा होतो, आणि हा मुद्दा आमच्या डोक्यात शिरण्यास फार दिवस लागले. दर वर्षी पगार चढतो. म्हणून ज्या छोट्या कंपनीत माणसे टिकतात ती महाग होते, आणि कंत्राटाच्या वेळी जिच्याकडे सारी नवी पोरे आहेत ती स्वस्त पडते. माणसे सोडून जातात म्हणून या कंपन्या रडत, पण माणसे सोडून जात म्हणूनच त्यांना कंत्राटे मिळत. शिवाय नंबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. पंधरा वर्षांचा कप्तान मोठ्या कंपनीत गेला तर तेथे तो शेवटचा, पहिल्या वर्षाच्या पगाराचा. जायचे तर लवकर जावे. उशीर झाला की पाय अडकतो.

सिनसिनाटीच्या कोमेअर कंपनीची हकीकत ऐका. तेथील वैमानिकांनी २००१ साली ८९ दिवस संप केला आणि चांगला करार मिळविला. आमच्यासारख्याच्या अंगावर मूठभर मांस चढावे असा तो लढा. पण कंपनी डेल्टा या मोठ्या कंपनीच्या मालकीची होती, आणि डेल्टाकडे इतर छोट्या कंपन्याही होत्या. फेऱ्या हळूहळू तिकडे गेल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून कोमेअरच बंद झाली. ज्यांनी दुसरीकडे विमान धरले त्यांना तळापासून नंबर लावावा लागला.

आता कडू भाग. हे सारे एकट्या मालकांनी केले असे नाही. मोठ्या कंपन्यांतील वैमानिकांच्या संघटनांनी आपल्या करारात एक रेघ ओढून घेतली होती : अमुक आसनांपेक्षा मोठे विमान बाहेर देता येणार नाही. ही रेघ आज तेथील मोठ्या कंपन्यांत बहुतेक ७६ आसनांवर आहे. वरच्यांचे काम त्या रेघेने राखले, पण रेघेखालचे विमान आमचे नव्हे, असेही त्याच रेघेने कबूल केले. १९८३ साली अमेरिकन एअरलाइन्समध्ये तर नव्याने येणाऱ्यांसाठी वेगळी, खालची वेतनश्रेणीच संघटनांच्या सहीने आली. जुन्यांच्या पगाराला धक्का नाही, म्हणून सभेत हात वर झाले. जो अजून नोकरीला लागलेलाच नाही तो सभेत हात कसा वर करणार?

कोल्गनच्या अपघातात गेलेल्यांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनच्या खेपा घालून २०१० मध्ये कायदा करून घेतला. २०१३ पासून सहवैमानिकाला सर्वसाधारणपणे १५०० तासांचा अनुभव सक्तीचा झाला. पूर्वी २५० तासांवर काम भागत असे. स्वस्त पोरांचा झरा आटला. मग करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, मोठ्या कंपन्यांनी आपले जुने वैमानिक पैसे देऊन घरी पाठविले, आणि उतारू परतले तेव्हा छोट्यांची माणसे ओढून घेतली. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या छोट्या कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला ९० डॉलर केला. त्यातला काही भाग ठरावीक मुदतीचा होता हे खरे. पण जो पगार दिला तर कंपनी बुडेल असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, त्याच्या कितीतरी पट पगार दिला गेला आणि विमाने उडत राहिली. तोटा झाला तो लहान गावांचा. कित्येकांच्या फेऱ्या बंद पडल्या. पुढे २०२४ मध्ये मोठ्यांची भरती मंदावली आणि ओढाताणही सैल झाली. चांगला दर टंचाईने आला होता, लढ्याने नव्हे, हे तेथील कार्यकर्ते आमच्यापेक्षा चांगले जाणत असतील.

आपल्याकडे हे नाही असे समजू नका. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण वैमानिकांच्या दोन याद्यांचे भांडण मिटेना. २०१२ मध्ये त्यापायी ५८ दिवसांचा संप झाला. २०२३ मध्ये ४३ वैमानिक सूचनेची मुदत न पाळता गेले म्हणून अकासा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. माणूस का गेला हे विचारण्यापेक्षा त्याला मुदतीने बांधणे सोपे असते.

आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही करार केला. मालक म्हणाले, जुन्यांना मागाल ते देतो, नव्यांची श्रेणी आम्हांवर सोडा. तीन महिने बोलणी रखडली होती, सभासद थकले होते. आम्ही सही केली. गुलाल उधळला, आमच्या गळ्यात हार पडले. सहा महिन्यांनी एकाच यंत्रावर दोन पाळ्यांत दोन माणसे उभी राहिली, आणि एकाला दुसऱ्याच्या जेमतेम निम्मा पगार. त्यातल्या नव्या पोराने आम्हांस फाटकापाशी गाठले. चिडला नव्हता. “काका, वर्गणी तेवढी दोघांची सारखी कशी?” एवढेच त्याने विचारले. आम्ही काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आता आठवत नाही, अर्थी ते उत्तर नसावे. दोन वर्षांत तो गेला, त्याच्यामागून आणखी पोरे गेली. मालकाचे काही बिघडले नाही. फाटकावर अर्ज पडलेलेच होते.

तो करार येत्या जूनमध्ये संपतो. नव्या मागणीपत्राच्या मसुद्यात पहिले कलम आम्ही एकच श्रेणी असे घातले आहे. त्यासाठी जुन्यांची वाढ थोडी कमी मागावी लागेल. येत्या रविवारी सभासदांची सभा आहे. सभेत बहुमत जुन्यांचे आहे, आणि त्यांतले पुष्कळजण आमचे पंचवीस-तीस वर्षांचे सोबती आहेत. दोघे परवाच घरी येऊन सांगून गेले की हे कलम काढा, नाहीतर आम्ही तुमच्या विरुद्ध बोलू. त्यांना आम्ही चहा दिला आणि कोमेअरची हकीकत सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. कलम अजून मसुद्यात आहे.